बंद डंपिंग ग्राउंडच्या गॅसची राखण: माझं पहिलं वर्ष

कचऱ्याचा गॅस म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना गोबरगॅस आठवतो. मे २०२३मध्ये या कामासाठी फोन आला तेव्हा मलाही तेवढंच आठवलं. मुंबईजवळ खाडीकाठी एक बंद केलेलं डंपिंग ग्राउंड आहे, तिथली गॅस गोळा करायची यंत्रणा चालवायला इंजिनिअर हवाय, ५ जूनपासून या. पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी आणि सांडपाणी प्रकल्पावरची चार वर्षं एवढीच माझी शिदोरी. फ्लेअर, म्हणजे गोळा केलेला गॅस जाळायची चिमणी, मी फोटोतच पाहिली होती.

हे लिहितेय कारण त्या वेळी मला मराठीत काहीच सापडलं नव्हतं आणि इंग्रजीत जे सापडलं ते खाली अस्तर घातलेल्या, शिस्तीत भरलेल्या परदेशी लँडफिलबद्दल होतं. आमचा ढीग चाळीसेक वर्षं मिळेल ते टाकून झालेला, खाली अस्तर नाही आणि वर दरसाल दोन मीटरहून जास्त पाऊस. साईटचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुंबईतल्या गोराईच्या डंपिंग ग्राउंडची टेकडी पाहिली असेल तर अंदाज येईल. १९७२पासून भरत गेलेलं ते मैदान २००७ ते २००९च्या दरम्यान शास्त्रीय पद्धतीने बंद केलं गेलं. बाहेरून माती आणि गवत, पोटात गॅसच्या विहिरी. आमचंही साधारण तसंच, फक्त त्याहून लहान.

५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो. मी पोचले तेव्हा गेटवर रोपं लावण्याचा कार्यक्रम चालू होता. त्या गडबडीतच माझ्या हातात एक फाईल, एक पेनड्राइव्ह आणि किल्ल्यांचा जुडगा आला. हँडओव्हर संपला.

पेनड्राइव्हमध्ये दोन वर्षांची रीडिंग होती. ४२ बोअर (आमच्याकडे गॅसच्या विहिरीला सगळे बोअरच म्हणतात), दर महिन्याला प्रत्येकाचं मिथेन, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, प्रेशर, तापमान. पंधरा मिनिटं बघितल्यावर पोटात गोळा आला. बोअर नंबर ९चं मिथेन सलग सात महिने ४८.०. शेजारच्या दहा नंबरचंही ४८.०. कचरा इतका आज्ञाधारक नसतो. जुनी रीडिंग बाजूला ठेवून शून्यापासून सुरुवात करायचं त्याच संध्याकाळी ठरवलं. तुम्हालाही अशी फाईल मिळाली तर आधी सलग सारखे आकडे शोधा, मगच तिच्यावर विश्वास ठेवा.

यंत्रणा समजायला अवघड नाही. ढिगात खोल बोअर घेतलेले, त्यांत भोकं पाडलेला एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप, भोवती खडी. वर वेलहेड, म्हणजे बोअरचं तोंड. त्यावर एक व्हॉल्व्ह, गॅसचा नमुना घ्यायला दोन छोटे पोर्ट, तापमानाची जागा. तिथून लवचीक होजने गॅस हेडर, म्हणजे सगळ्या बोअरच्या सामायिक पाइपमध्ये जातो, हेडर ब्लोअरकडे, ब्लोअर फ्लेअरकडे. ब्लोअर ओढतो, फ्लेअर जाळतो. जाळायचं कशाला, तर मिथेनची उष्णता अडकवून ठेवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात. शिवाय हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झालं की एक ठिणगी पुरते, आणि आमच्या कुंपणापलीकडे इमारती आहेत. तेव्हा लागू असलेले २०१६चे घनकचरा व्यवस्थापन नियम सांगत होते की लँडफिलवर मिथेन या स्फोटमर्यादेच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या, २५ टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे हवेत सव्वा टक्का. आणि बंद केल्यावरही निदान १५ वर्षं लक्ष ठेवायचं.

कागदावर एवढंच. प्रत्यक्षात ते ४२ बोअर म्हणजे ४२ स्वभाव.

पहिला आठवडा रीडिंगमध्ये गेला. सोबत साईटवरचे जुने फिटरकाका आणि एक हेल्पर पोरगा. एकट्याने ढिगावर जायचं नाही हा काकांचा नियम, मी यायच्या आधीपासूनचा. कमरेला चार धोकादायक गॅस एकदम मोजणारा डिटेक्टर हवाच. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. तेव्हा वास थांबला म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

सकाळी ॲनालायझर, म्हणजे गॅस मोजायचं हातातलं यंत्र, मोकळ्या हवेत सुरू करायचा, ऑक्सिजन २०.९ दाखवतोय ना बघायचं. मग ५० टक्के मिथेन आणि ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या स्पॅन गॅसवर, म्हणजे आधीच प्रमाण माहीत असलेल्या गॅसवर, तपासायचं. होज न जोडता प्रेशर शून्यावर आणायचं. वेलहेडला होज लावल्यावर आकडे स्थिर होईपर्यंत थांबायचं, दीड-दोन मिनिटं. घाई केली की होजमधलीच हवा मोजली जाते आणि तुम्ही चांगल्या बोअरला गळका ठरवता. मी पहिल्या दिवशी तीन बोअरना ठरवलं. होजच्या तोंडाशी पाणी अडवणारा छोटा फिल्टर असतो, त्याचे चार-पाच खिशात ठेवा. एकदा पाणी आत गेलं तर ॲनालायझरचा पंप जातो. माझा ऑगस्टमध्ये गेला. दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन मिळून ₹ ६८,००० आणि तेवीस दिवस. तेवढे दिवस भाड्याच्या यंत्रावर काढले.

४२ बोअरना अडीच दिवस लागले. ब्लोअरला एकूण प्रवाह तासाला ६२० घनमीटर, मिथेन फक्त ३८ टक्के. आणि इथेच मी पहिली चूक केली. १७ नंबरला मिथेन ५८ टक्के होतं. चांगला बोअर, मग अजून ओढूया, म्हणून व्हॉल्व्ह जवळजवळ दुप्पट उघडला. काका काही बोलले नाहीत. चार दिवसांनी तिथे मिथेन ४१, ऑक्सिजन दीड टक्का, आणि उरलेला गॅस, म्हणजे मुख्यतः नायट्रोजन, २५ टक्क्यांच्या वर.

"मॅडम, म्हैस दोनदा पिळली म्हणून दूध दुप्पट येत नाही," काका तेव्हा म्हणाले.

मी सांगली जिल्ह्यातली, घरी चार म्हशी. मला हे दुसऱ्या कुणी सांगावं याची लाजच वाटली.

काय झालं होतं ते सांगते, कारण सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं. कचरा गॅस तयार करतो तो त्याच्या गतीने. त्यापेक्षा जास्त ओढलं की बाकीची भर बाहेरची हवा घालते, वरच्या मातीतून आत शिरून. हवेतला ऑक्सिजन कचऱ्यातले जंतू खाऊन टाकतात, म्हणून ऑक्सिजनचा आकडा फारसा वाढत नाही आणि आपण गाफील राहतो. नायट्रोजनला कुणी खात नाही, तो खरं बोलतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन साधारण चारास एक आले तर हवा थेट पाइपच्या फटीतून येतेय, होजचा क्लॅम्प बघा. नायट्रोजन भरपूर आणि ऑक्सिजन नावाला, तर तुम्ही ढिगालाच जास्त ओढताय. मग व्हॉल्व्ह थोडासा आवळायचा आणि आठवडाभर हात लावायचा नाही. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं.

पाऊस २५ जूनला आला.

जुलैत टेकडीवर उतारांना ओघळी पडल्या, आणि एक गोष्ट दिसली जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हती. मातीवर साचलेल्या डबक्यांत भात रटरटावा तसे बुडबुडे येत होते. हाच आमचा सगळ्यात स्वस्त गॅस डिटेक्टर. हेल्पर पोरगा बांबूच्या कामट्यांना लाल चिंध्या बांधून प्रत्येक बुडबुड्याशी रोवत गेला, मी फोनवर जागा नोंदवत गेले. तीन दिवसांत ३१ चिंध्या. पाऊस उघडला की त्या जागा बुजवायच्या यादीत. चिंध्यांचा खर्च शून्य.

१० जुलैच्या रात्री फ्लेअर चार वेळा विझला. सकाळी बघितलं तर उत्तरेकडच्या हेडरवर प्रेशर उणे १२ मिलीबारवरून उणे ४५वर आणि परत उणे १२, असं दर काही सेकंदांनी. दमेकऱ्याच्या छातीसारखं. काकांनी पाइपला कान लावला आणि म्हणाले, "पाणी आहे. ऐका." आत खळखळ स्पष्ट येत होती.

ढिगातून निघणारा गॅस कोमट आणि ओला असतो. पाइप पावसाने गार झाला की आत पाणी धरतं. पाइपला उतार असेल तर ते वाहून सापळ्यात जातं. पण कचरा खचतो, आणि सगळीकडे सारखा खचत नाही. २३ आणि २६ नंबरच्या मधला ३१५ मिलिमीटरचा पाइप चाळीस सेंटिमीटर खाली बसून त्याचं पोट सुटलं होतं. त्या पोटात पाणी भरलं, गॅसची वाट बंद. त्यापलीकडचे नऊ बोअर नुसते नावाला जोडलेले.

दुरुस्तीसाठी ब्लोअर चार तास बंद ठेवायचा होता. त्याची लेखी परवानगी यायला सहा दिवस लागले, काम झालं साडेतीन तासांत. पाणी काढलं, साधारण नऊशे लिटर. ते गटारात सोडायचं नसतं, लीचेटच्या, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याच्या, टाकीत न्यावं लागतं. पाइप उचलून खाली मुरमाच्या गोण्या लावल्या, शंभर फुटांना तीन फूट उतार ठेवला. संध्याकाळी काटा उणे ३८वर शांत उभा राहिला. त्या रात्री मी आईला फोन करून तासभर हेच सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण कचऱ्याच्या ढिगावर बायकांची सोय आहे का गं?" नव्हती. गेटजवळ एकच संडास, कुलूपबंद, आणि किल्ली वॉचमनकडे. कंटेनरमधलं स्वच्छतागृह आलं ऑक्टोबरमध्ये, माझ्या तिसऱ्या अर्जानंतर. बाई म्हणून रुजू होत असाल तर पहिल्याच आठवड्यात लेखी मागा. भीड धरू नका.

या दुरुस्तीत मी एक गोष्ट विसरले होते. ती पुढे डिसेंबरमध्ये अंगावर आली.

पावसाळ्यात दुसरा त्रास लीचेटचा. बोअरच्या पाइपची भोकं पाच मीटर खोलीपासून सुरू होतात आणि अकरा बोअरमध्ये काळं पाणी चार मीटरवर आलेलं. भोकंच बुडाली तर गॅस येणार कुठून? उपाय म्हणजे बोअरमध्ये सोडायचा हवेवर चालणारा पंप. १९ जुलैला मागणीपत्र दिलं. तीन कोटेशन्स हवीत. तिसरं मिळेना, कारण असे पंप विकणारे मुळात कमी. मग "तिसरा पुरवठादार उपलब्ध नाही" असं पत्र, त्यावर सही, त्या सहीवर शेरा. ऑर्डर निघाली २९ ऑगस्टला, म्हणजे ४१ दिवसांनी. पंप आले ३ ऑक्टोबरला, पाऊस ओसरल्यावर. दोन पंप, प्रत्येकी ₹ १,८५,०००. तोवर आम्ही एका साध्या बेलरने, म्हणजे दोरीला बांधलेल्या नळकांड्याने, पाणी उपसत होतो. पुढच्या पावसाची मागणी डिसेंबरातच टाका, आधी नको म्हणतील तरी टाका.

मधल्या काळात ऑफिसातून एक फोन. प्रवाह ६२०वरून ५२०वर आलाय, काय चाललंय? मी सांगितलं, मिथेन ३८वरून ४९ टक्क्यांवर गेलंय, गुणाकार करून बघा. आधी तासाला २३६ घनमीटर मिथेन जळत होतं, आता २५५. पलीकडे थोडी शांतता, मग "हो का, मेल करा." तेव्हापासून महिन्याच्या अहवालात नुसता प्रवाह द्यायचं बंद केलं, गुणाकारच देते.

ऑक्टोबर हीटमध्ये माती तडकते. भिंग घेऊन शोधायची गरज नाही, गवत जिथे गोलाकार पिवळं पडलंय तिथे वाकून बघा. पट्टे आखून हातातल्या डिटेक्टरने सगळा ढीग चालून काढला, दोन ओळींत तीस मीटर अंतर. अमेरिकेच्या नियमात जमिनीलगत ५०० पीपीएमची मर्यादा आहे, आमच्या करारात तीच उचलली होती. १४ जागा त्यावर निघाल्या, त्यांतल्या नऊ जुलैच्या लाल चिंध्यांच्याच. ओली माती आणि बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) ठोकून भरलं. नुसती सुकी माती टाकली तर आठवड्यात पुन्हा भेग पडते, हे एका जागेवर करून पाहिलंय.

आता डिसेंबर. १२ तारखेला ३१ नंबरचं तापमान ६८ अंश. महिन्यापूर्वी ४९ होतं. हातातल्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड ६४० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड हजाराच्या वर गेला तर आत आग आहे असंच धरून चालतात. ढिगाच्या पोटातली आग ज्वाळा दाखवत नाही, महिनोन्‌महिने धुमसते, वरची माती अचानक खचते. जानेवारी २०१६मध्ये मुंबईच्या देवनार डंपिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला होता. ती आग वरची होती आणि आमचा ढीग झाकलेला, हे मला माहीत होतं. तरी त्या रात्री झोप लागली नाही.

लगेच केलं ते असं. ३१ नंबर पूर्ण बंद. आजूबाजूचे चार बोअर निम्म्यावर. भोवतीच्या वीस मीटरमधली प्रत्येक भेग बुजवली. त्या भागावर गाडी आणि माणूस बंद, दोरी बांधली. गॅसचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत, ₹ ७,५००. रोज सकाळी सातला तापमान. पाणी ओतायचा सल्ला दोघातिघांनी दिला, तो ऐकला नाही. हवा तोडणं महत्त्वाचं होतं.

नऊ दिवस अहवालाची वाट. त्या नऊ दिवसांत मी मागच्या सगळ्या नोंदी काढून बसले आणि चूक सापडली. माझीच. जुलैत हेडरचं पोट उचललं तेव्हा पलीकडच्या नऊ बोअरना अचानक पूर्ण ओढ मिळायला लागली. पण त्यांचे व्हॉल्व्ह आधीच्या मरगळलेल्या ओढीसाठी सताड उघडे ठेवलेले होते. मी हेडर दुरुस्त केला आणि व्हॉल्व्ह तसेच सोडले. पावसात माती ओली, भेगा मिटलेल्या, म्हणून काही जाणवलं नाही. पुढे रीडिंगमध्ये नायट्रोजन हळूहळू चढत होता, पण मी पूर्ण फील्डची सरासरी बघत होते. माती सुकल्यावर हवा आत शिरली आणि कचरा तापला.

२१ डिसेंबरला अहवाल आला. कार्बन मोनॉक्साइड ८५ पीपीएम. हातातल्या यंत्राचा तो सेन्सर हायड्रोजनलाही कार्बन मोनॉक्साइड समजतो, आणि ढिगाच्या गॅसमध्ये हायड्रोजन असतो. म्हणून त्या आकड्यावर घाबरून पावलं उचला, पण निष्कर्ष प्रयोगशाळेचाच घ्या. तापमान उतरायला मात्र वेळ लागला. जानेवारीअखेर ५७, मार्चमध्ये ५१. तेव्हा कुठे व्हॉल्व्ह दोन घर उघडला. अहवालात कारण लिहिताना "हेडर दुरुस्तीनंतर बोअर संतुलित केले गेले नाहीत" असं लिहिलं. काका म्हणाले, "मॅडम, 'मी केले नाहीत' असं लिहायला लागत नाही." ते खरंच होतं. मी तसं लिहिलंही नाही.

१८ आणि १९ मार्चला, जाळलेल्या मिथेनबद्दल मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटची पडताळणी. दोन दिवस, दोन ऑडिटर. त्यांना ढिगावर फिरण्यात फारसा रस नव्हता, त्यांना कागद हवे होते. प्रवाहमापकाचं कॅलिब्रेशन ११ दिवस उशिरा झालेलं निघालं. त्या ११ दिवसांच्या मोजणीतून यंत्राची जास्तीत जास्त चूक वजा करावी लागली. मग फ्लेअरचं तापमान. बंदिस्त फ्लेअरला ९० टक्के कार्यक्षमता धरायची तर ५०० अंशांच्या वर होता हे मिनिटामिनिटाच्या नोंदीने दाखवावं लागतं. आमच्या नोंदी होत्या. पण वीज गेल्याच्या रजिस्टरशी जुळेनात. रजिस्टर म्हणतं दुपारी २ वाजता वीज गेली, तापमान नोंदवणारा लॉगर म्हणतो सकाळी ८:३०ला फ्लेअर गार. अर्धा दिवस डोकं फोडल्यावर लक्षात आलं की फरक सगळीकडे नेमका साडेपाच तासांचा आहे. लॉगरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होतं, बसवल्या दिवसापासून! त्याचं स्पष्टीकरण, दुरुस्तीचा पुरावा, सगळ्या फाईल्सची नवी प्रत, याला अजून पाच आठवडे. २६ एप्रिलला शेरा बंद झाल्याचा मेल आला. मी तो तीन वेळा वाचला आणि मग कॅन्टीनमध्ये तिघांसाठी भजी मागवली.

या वर्षाने मला काय दिलं याचा हिशेब मांडायला बसले नाहीये. एक वही मात्र केलीय. प्रत्येक बोअरला एक पान, वर त्याचा स्वभाव दोन ओळींत. "१७: हात लावू नये." "३१: तापट, दर सोमवारी बघणे." "९ आणि १०: ४८.० कधीच नव्हते." माझ्यानंतर जो कुणी येईल त्याला पेनड्राइव्हसोबत ही पण मिळेल.

जून २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. उघडीप मिळाल्याबरोबर आम्ही तिघं छत्र्या घेऊन वर गेलो. हेल्परने चिंध्या आधीच कापून ठेवल्या होत्या. उत्तरेच्या उतारावरची डबकी शांत, सगळी. बारा नंबरपाशी मात्र एका ताटाएवढ्या पाण्यात बुडबुडे येत होते, बारीक, एकामागून एक.

काकांनी कामटी रोवली. "लिहा," म्हणाले, "नंबर एक."